न लिहिलेली रवानगी

मी त्या दिवशी जिल्हा कार्यालयात भांडायलाच गेलो होतो. घरून निघताना माझ्या बायकोनं, उषाबाईनं, तोंड पाहूनच ओळखलं. "शर्टाची वरची गुंडी लावा, आन् तोंडालेही एक लावून घ्या," ती म्हणाली.  पोलीस खात्यात माझी छत्तीस वर्षं गेली. शिपाई म्हणून लागलो, हवालदार झालो, आणि गेली अकरा वर्षं आमच्या ठाण्याचा हजेरी मेजर आहे. कोणत्या शिपायानं आज कुठं जायचं, कोणाचा बंदोबस्त, कोणाची सुट्टी, हे ठरवणारा आणि लिहिणारा माणूस म्हणजे हजेरी मेजर. निवृत्तीला पंधरा दिवस राहिले होते. पंधरा दिवस राहिलेला माणूस साहेबालाही भीत नाही, कारकुनाला काय भिणार?

भांडण भुपेंद्रसाठी होतं. भुपेंद्र आमच्या ठाण्यातला शिपाई, वय चौतीस, मूळचा आंधळगावचा, राहायला कारध्याला. पट्टीचा पोहणारा. गणपती विसर्जनाला तलावावर दरवर्षी त्याचीच ड्युटी, कारण तो काठावर उभा असला की बाकीचे निवांत असत. गेल्या मे महिन्यात रेतीच्या घाटावर धाड घालताना टिप्परचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. नागपूरच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

ड्युटीवर जखमी झालेल्या माणसाला विशेष विकलांगता रजा मिळते. पगार चालू राहतो, उपचाराचा खर्च खातं उचलतं. पण त्यासाठी एक गोष्ट कागदावर पाहिजे: जखमी झाला तेव्हा तो कर्तव्यावर होता. भुपेंद्रची फाईल दोनदा परत आली होती. 'कर्तव्यावर असल्याचा पुरावा जोडावा.' त्याची स्वतःची सगळी रजा दिवाळीआधीच संपली, पगार थांबला, आणि कृत्रिम पाय बसवायचं काम तिथंच अडून राहिलं. पुरावा जोडावा म्हणे. जीपमध्ये बसून गेलेला माणूस नागपूरहून ॲम्ब्युलन्समधून परत आला, याहून मोठा पुरावा कोणता जोडायचा, हे विचारायला मी निघालो होतो.

फाईल पाहणाऱ्या कामिनी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. टेबलावर स्टीलचा डबा, शेजारी फायलींचा ढीग. मी खुर्ची ओढली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोललो.

"मॅडम, सात महिने झाले. पोलिसाचा पाय का घरच्या पायरीवर तुटला काय? कोन्या गधड्यानं ही फाईल अडवून ठेवली, त्याचं मले नाव सांगा."

शेजारच्या टेबलावरचा टाइप करायचा आवाज बंद झाला. कामिनी मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"मेजर, फाईल कोणी अडवली नाही. तुम्ही ती कधी वाचली आहे का?"

मी वाचली नव्हती. फाईल वाचायची असते हे मला छत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. फाईल पाठवायची असते, आणि आली नाही तर ओरडायचं असतं.

त्यांनी तीन कागद काढले आणि एकेक करून माझ्यासमोर ठेवले.

पहिला कागद म्हणजे एकोणीस मेच्या स्टेशन डायरीची प्रत. पोलीस कामासाठी ठाण्याबाहेर पडला की डायरीत त्याची रवानगी टाकायची असते: कोण, कुठं, कशासाठी, किती वाजता. त्या दिवशी दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत घाटाचं नावसुद्धा नव्हतं. एक हरवलेला मोबाईल, एक दारूची केस, बस स्टँडवरचं भांडण. धाड नव्हतीच.

याचं मला अर्धंच नवल वाटलं, कारण रेतीच्या धाडीची रवानगी आम्ही आधी कधीच टाकत नव्हतो. टाकली की जीप गेटाबाहेर पडायच्या आत घाटावर बातमी पोचायची. ठाण्यातूनच पोचायची, कोण पोचवतं ते आम्हाला कधी कळलं नाही. म्हणून आमची रीत ठरली होती. गुपचूप निघायचं, आणि काही सापडलं तर परत आल्यावर नोंद करायची. कागदाची डायरी होती तेव्हा दोन ओळी कोऱ्या सोडायचो. आता डायरी संगणकावर, वेळ मशीनच टाकते, तिथं कोरी ओळ सुटत नाही. तरी 'आल्यावर टाकू' चालूच राहिलं. आम्ही ती आमची हुशारी समजत होतो. पण त्या दिवशी संध्याकाळी ठाणेदार साहेब मला स्वतः म्हणाले होते, "नोंद मी टाकतो, मेजर. तुम्ही भुपेंद्रला बघा." साहेब जीपमध्ये पुढच्या सीटवर होते. मी सात महिने समजत होतो की नोंद आहे.

"साहेबानं टाकली नाई," मी म्हणालो. आवाज जरा खाली आला होता.

"दुसरा कागद बघा," कामिनी मॅडम म्हणाल्या.

दुसरा कागद मे महिन्याचा ड्युटीचा तक्ता होता. भुपेंद्रच्या नावासमोर एकोणीस तारखेच्या चौकटीत 'सा. सु.' लिहिलेलं. साप्ताहिक सुट्टी. खाली सही. सही माझी होती.

  महिन्याच्या एक तारखेला मी सगळ्यांच्या सुट्ट्या एकदम भरून तक्ता भिंतीला लावतो. एकोणीसला भुपेंद्रची सुट्टी होतीच. तो आंधळगावला बापाच्या शेतावर उन्हाळी धान काढायला गेला होता. दुपारी दीड वाजता साहेबांनी सांगितलं म्हणून मीच त्याला फोन करून बोलावला. साध्या कपड्यात ये, म्हणालो. आणि तक्त्यावरची सुट्टी मी मुद्दाम खोडली नाही. तक्ता येणारेजाणारे सगळे वाचतात. सुट्टीवरचा माणूस अचानक ड्युटीवर आला म्हणजे धाड आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

खरं काय घडलं ते मी माझ्या खिशातल्या वहीत लिहितो. लाल पुठ्ठ्याची लहान वही, वर्षाला एक. कोणाची सुट्टी मोडून त्याला कामाला लावलं की त्याचं नाव, तारीख, काम, आणि पुढं '१ देणे'. पुढं कधी गर्दी कमी असली की त्याला घरी पाठवायचं आणि ती ओळ खोडायची. अकरा वर्षांत एकाही शिपायाची एकही सुट्टी माझ्याकडे बुडाली नाही. हे मी लग्नकार्यात चार लोकांसमोर सांगत आलो आहे.

ती वही मला तिथं, त्या खुर्चीवर आठवली. खोटं कशाला बोलू? आठवली, आणि मी गप्प बसलो. कारण वही दाखवायची म्हणजे मी अकरा वर्षं भिंतीवर खोटा तक्ता लावत होतो हे स्वतःच्या हातानं दाखवायचं. पंधरा दिवस राहिलेला माणूस कोणालाच भीत नाही असं मी वर म्हटलं, ते खरं नव्हतं. तेवढा भित्रा माणूस खात्यात दुसरा नसतो.

"आणि हा तिसरा," कामिनी मॅडम म्हणाल्या. "याच्यामुळे आमचा नाइलाज आहे."

तो भुपेंद्रचा जबाब होता. दवाखान्यात घेतलेला, घटनेनंतर तिसऱ्या दिवशी. 'मी साप्ताहिक सुट्टीवर असताना खाजगी कामानिमित्त मोटारसायकलने सिहोरा येथे सासुरवाडीस जात होतो. रस्त्यात अज्ञात टिप्परने मला धडक दिली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली त्याची सही. सही वाकडी होती, पण त्याचीच होती.

मी तो कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. अपघाताच्या वेळी त्याच्याकडे मोटारसायकल नव्हतीच. ती ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती, दोन दिवसांनी मीच ती कारध्याला नेऊन दिली होती.

"जखमी माणूसच सांगतो मी सुट्टीवर होतो," त्या म्हणाल्या. "तक्ता तेच सांगतो. डायरी तेच सांगते. मी काय लिहू? शुक्रवारी ही फाईल वर जाते, मेजर. त्याच्याआधी काही आलं नाही, तर दावा नामंजूर होऊन बंद होईल. पुन्हा उघडणं फार कठीण आहे."

त्या दिवशी मंगळवार होता.

वैनगंगेच्या पुलावरून मी कारध्याला कसा गेलो ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की पुलाच्या मधोमध मी गाडी थांबवली आणि खाली पाण्याकडे पाहत उभा राहिलो, आणि मागच्या ट्रकवाल्यानं मला शिवी दिली. पोलिसाला शिवी दिली, आणि मला राग आला नाही.

भुपेंद्रची बायको मेघा दारात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. भुपेंद्र आत बाजेवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, पँटची उजवी बाजू घडी करून पिन लावलेली. मला पाहून तो बसल्या जागी ताठ झाला. सात महिने झाले तरी त्याची ती सवय गेली नव्हती.

"या मेजर. मेघा, चहा ठेव ना."

"चहा नोको," मी म्हणालो. मी उभाच होतो. "भुपेंद्र, तू दवाखान्यात काय लिहून देल्ला?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"कोनता कागद मेजर?"

"मले येडा बनवू नको. मी वाचून येऊन राहिलो. सुट्टीवर होतो, सिहोऱ्याले जात होतो, अज्ञात टिप्पर. काहून लिहून देल्ला असा?"

 बाहेर मेघाचं शेंगा सोलणं थांबलं होतं.

"साहेब आले होते," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी. पट्टी बदलवून नर्स गेली, अन् साहेब आले. म्हनाले, घाटाची रवानगी नाई. तक्त्यात तुयी सुट्टी आहे. सही घनश्याम मेजरची आहे. तू घाटाचं नाव घेशीन, त सगळ्यात पयले मेजर जाईन. त्याचे सात महिने राहिले. चौकशी लागन, पेन्शन अडकन."

"आन् तू मानला?"

"तुमी मले लावून घेतलं होतं, मेजर. पयल्या दिवशी बंदूक कशी धरायची ते तुमी शिकवलं. अन् पाय त गेलाच होता. आता तुमचं कायले घालवू?" तो हे अगदी साध्या आवाजात बोलला, भाजी कोणती आणली हे सांगावं तसा. "साहेब म्हनाले, तुयं मी पाहून घेतो. रजा बसवून देतो. मले वाटलं, देतीन."

साहेबांची बदली ऑगस्टमध्येच दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती.

मी खाली बसलो. बाजेच्या पायाशी, फरशीवर. या पोरानं माझ्यासाठी खोटं लिहून दिलं होतं, आणि मी सात महिने छाती काढून त्याच्या फाईलसाठी भांडत फिरत होतो. मला रडू आलं नाही. मला काहीच आलं नाही. डोक्यात नुसता आवाज होत होता, गिरणीत होतो तसा.

मेघा दारात उभी होती. पदरातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या.

"मले सांगतलं का दवाखान्याचा कागद आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "सही कराले मी पाठीमागून उशी लावून देल्ली तुमाले. मीच लावून देल्ली." मग ती माझ्याकडे वळली. "काकाजी, तुमी दर आठवड्याले येता. चहा पेता. अन् हरघडी म्हनता, कोन्या गधड्यानं फाईल अडवली. तुमाले एकदाही वाटलं नाई का, का आपन पाहावं?"

 तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. मी खाली पाहिलं. शेंगा माझ्या बुटापर्यंत आल्या होत्या.

"तिचं आयकू नका मेजर," भुपेंद्र म्हणाला. "पंधरा दिवस त राहिले. आरामात रिटायर होऊन जा. मंग सांगा जे सांगाचं ते."

"शुक्रवारी फाईल बंद होते."

 शुक्रवारचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं हात उजव्या मांडीवर ठेवला आणि तो हळूहळू खाली नेला, जिथं पाय संपत होता तिथपर्यंत.

मी अंगणात आलो आणि साहेबांना फोन लावला. पहिल्यांदा त्यांनी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"बोला घनश्याम मेजर. निरोपसमारंभ कधी आहे?"

"साहेब, एकोनीस मेचा घाट. भुपेंद्रची फाईल बंद होऊन राहिली. तुमी एक ओळ लिहून द्या, का तो तुमच्यासोबत होता."

"कोणता घाट?" साहेब म्हणाले. "मी त्या दिवशी मीटिंगमध्ये होतो, मेजर. तुमचा काहीतरी गोंधळ होतोय." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "पंधराच दिवस राहिलेत ना तुमचे? तब्येत सांभाळा."

फोन बंद झाला. मी तो कानालाच धरून उभा राहिलो. छत्तीस वर्षांत मी चोर पाहिले, खुनी पाहिले, आईला मारणारे पाहिले. खोटं बोलणारा तर रोज एक. पण एवढ्या सहज, एवढ्या आपुलकीनं खोटं बोलणारा मी पाहिला नव्हता. त्या माणसाच्या मांडीवर भुपेंद्रचं डोकं होतं. जीपमध्ये मागं बसून, हॉर्न वाजवत, माझ्या डोळ्यांसमोर ते इथल्या दवाखान्यात आले होते. त्यांच्या शर्टाला रक्त होतं.

धाडीच्या दिवशी जीप चालवणाऱ्या प्रविणला मी वाटेतच गाठला. तो चहाच्या टपरीवर होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला. "मेजर, मी लेकराबायाचा मानूस आहो," एवढंच म्हणाला.  मंगळवारी सकाळपर्यंत मीही तेवढाच माणूस होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. उषाबाई शेजारणीला घेऊन याद्या करत होती, निरोपाच्या जेवणाच्या. मी सरळ आत गेलो आणि पलंगाखालची पेटी ओढली. पेटीत दहा वह्या होत्या, रबर लावून ठेवलेल्या. या वर्षीची माझ्या खिशातच होती, पण मी आधी पेटी उघडली, का ते माहीत नाही. कदाचित किती आहे ते एकदा पाहायचं होतं.

उषाबाई दारात आली. शेजारीण गेली होती. मी तिला सगळं सांगितलं. मध्ये एकदाही ती बोलली नाही, आणि हे आमच्या घरात सहसा होत नाही.

"ह्या वह्या देल्ल्या त मंग?" शेवटी तिनं विचारलं.

"चौकशी लागन. निवृत्तीच्या आत लागली त पेन्शन अडकन. किती दिवस, ते सांगता येत नाई."

"अन् नाई देल्ल्या त?"

"त भुपेंद्र सुट्टीवर होता."

ती पेटीजवळ बसली. एक वही उचलून तिनं उघडली, माझं अक्षर पाहिलं आणि बंद केली. "मी सत्तर मानसं जेवाले सांगतले," ती म्हणाली. "आपल्या जावयालेही सांगतलं." मग बराच वेळ ती यादीच्या कागदाची घडी करत राहिली, उलगडत राहिली. मला वाटलं, आता ती नको म्हणेल, आणि खरं सांगतो, ती नको म्हणाली असती तर मी थांबलो असतो. तेवढी एक वाट मी मनात उघडी ठेवली होती.

"मेघाच्या पदरातल्या शेंगा तुमी उचलून देल्ल्या का?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग सकाळीच जा," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

मी खिशातली वही काढली आणि मे महिन्याचं पान शोधलं. ओळ होती. 'ता. १९. भुपेंद्र. सु. मोडली. दु. १.३० फोन. घाट, साहेबांसोबत.' पेनानं लिहिलेली, माझ्या अक्षरात, तारखेसकट. तेवढं पाहून मी पानाचा कोपरा दुमडला आणि वही मिटली. पुढचं वाचायची मला गरज वाटली नाही.

बुधवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. कामिनी मॅडम स्कूटी लावून आल्या, त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि काही न विचारता मला आत घेतलं. मी वह्या टेबलावर मांडल्या. दहा पेटीतल्या आणि एक खिशातली. वर माझा मोबाईल ठेवला आणि जबाब लिहून घ्या म्हणालो.

त्यांनी वरच्या साहेबांना फोन केला. साहेब आले, वह्या चाळल्या, माझ्याकडे पाहिलं.

"मेजर, हे काय आहे ते तुम्हाला कळतंय ना? ह्यात तुमच्या सगळ्या ठाण्याच्या अकरा वर्षांच्या खोट्या नोंदी आहेत."

"खोटा तक्ता आहे साहेब. वही खरी आहे."

त्यांनी हातातली वही मिटली. "घ्या जबाब," कामिनी मॅडमना म्हणाले आणि खुर्ची ओढून तिथंच बसले.

मी सगळं सांगितलं. आमची रीत, कोऱ्या ओळी, दीड वाजताचा फोन, लिंबाखालची मोटारसायकल, ठाणेदार साहेबांच्या शर्टाचं रक्त. कामिनी मॅडम टाइप करत गेल्या. मध्येच म्हणाल्या, "फोनचे रेकॉर्ड मागवता येतील. ठाणेदारांचा फोनही कुठल्या टॉवरवर होता ते निघेल." त्या हे हळू आवाजात बोलल्या, पण साहेबांनी ऐकलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भुपेंद्रची फाईल शुक्रवारी बंद होणार नाही, मेजर. पण तुमची आज उघडेल."

"उघडू द्या," मी म्हणालो. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. आपण फार मोठं काहीतरी केलं, असंही क्षणभर वाटलं. ते लपवून काय करू, वाटलं खरं.

"वहीतली ओळ मी जबाबात जशीच्या तशी घेते," कामिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुमडलेलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचत टाइप करू लागल्या. "तारीख एकोणीस. भुपेंद्र. सु. म्हणजे सुट्टी मोडली. दुपारी एक तीस, फोन. घाट, साहेबांसोबत." त्या थांबल्या. पान उजेडाकडे धरलं. "आणि पुढं आहे, 'एक देणे'. हे काय आहे, मेजर? लिहावं लागेल."

मी वही त्यांच्या हातातून घेतली.

होतं. 'घाट, साहेबांसोबत' च्या पुढं, त्याच पेनानं, त्याच सरळ अक्षरात. '१ देणे'. आणि ते लिहिल्याचं मला त्या क्षणी आठवलं. नागपूरचा दवाखाना, ऑपरेशनच्या दारासमोरचं बाकडं. डॉक्टर बाहेर येऊन पाय काढला असं सांगून गेले होते. मेघा भिंतीला टेकून खाली बसली होती. माझ्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून मी खिशातून वही काढली आणि दिवसाची नोंद केली. अकरा वर्षांची सवय. हात जरासुद्धा हलला नव्हता. अक्षर पाहा, एकही रेघ वाकडी नाही.

पाय कापला, असं त्या पानावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मेजर?" कामिनी मॅडमची बोटं की-बोर्डवर तशीच होती. साहेबही माझ्याकडे पाहत होते. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं, बाहेर कोणीतरी चहावाल्याला हाक मारत होतं, आणि मला माझाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला.

"मॅडम, त्या दिवशी त्याची सुट्टी मोडली होती," मी म्हणालो. "ती एक सुट्टी माह्याकडून त्याले द्याची राहिली."

 कामिनी मॅडमनी तेवढंही टाइप केलं, कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मी सही केली.